जमिनीखालच्या जुन्या टाक्या: गळतीचा माग कसा काढतात?

"घर आवडलंय, शाळा चांगल्या आहेत, पण कोपऱ्यावर पूर्वी गॅस स्टेशन होतं म्हणे. घ्यावं का?" अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. न्यू जर्सीसारख्या राज्यात तो आणखी एका रूपात येतो: "अंगणात हीटिंग ऑइलची जुनी टाकी पुरलेली निघाली. विकणारा म्हणतो, आत वाळू भरून बंद केली आहे, काळजीचं कारण नाही."

या प्रश्नांना झटकन हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. जमिनीत इंधन सांडलं होतं की नाही, हे शोधणं त्यातल्या त्यात सोपं असतं. खरे प्रश्न तीन आहेत. नेमकं काय सांडलं? ते कोणत्या वाटेनं चाललं आहे? आणि त्या वाटेवर कोण आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं असतील तरच धोका किती ते सांगता येतं. एकाच टाकीतून गळलेली दोन रसायनं अगदी वेगवेगळी वागू शकतात, हे आपण पुढे पाहणारच आहोत. आधी ही उत्तरं कशी मिळवतात ते पायरीपायरीनं समजून घेऊ.

इतक्या टाक्या आल्या कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि त्यांच्याबरोबर चौकाचौकात गॅस स्टेशनं उभी राहिली. आगीच्या भीतीनं इंधनाच्या टाक्या जमिनीत पुरल्या जात. बहुतेक टाक्या साध्या पोलादाच्या होत्या आणि त्यांना गंजापासून कसलंही संरक्षण नव्हतं. ओलसर मातीत पोलाद गंजतं, वीसतीस वर्षांत बारीक छिद्रं पडतात आणि वर कोणाला पत्ताही लागत नाही. गळती टाकीपेक्षा तिला जोडलेल्या नळांतून आणि सांध्यांतून होणंही नेहमीचंच.

१९८४ साली अमेरिकी काँग्रेसनं या टाक्यांसाठी कायदा केला. १९८८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, तपशीलवार नियम काढले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत दिली. तेव्हापासून साडेपाच लाखांहून अधिक ठिकाणी गळती झाल्याची नोंद आहे. त्यातल्या बहुतांश ठिकाणची सफाई पूर्ण झाली आहे, पण हजारो जागा अजून बाकी आहेत. आणि ज्या टाक्या कायदा येण्याआधीच विस्मरणात गेल्या, त्यांची गणती या नोंदींत नाही.

थोड्याशा गळतीनं काय होतं, असं वाटेल. एक छोटा हिशेब करू. पेट्रोलमधला सर्वांत काळजीचा घटक बेंझीन. त्यामुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. आजच्या अमेरिकी पेट्रोलमध्ये बेंझीन सरासरी ०.६ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ६ मिलिलिटर किंवा साधारण ५ ग्रॅम. पाच ग्रॅम म्हणजे ५० लाख मायक्रोग्रॅम. त्याला ५ नं भागा: १० लाख लिटर. एका लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझीन पाण्यात उतरलं, तर दहा लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठावर जाऊन बसतं. जुन्या पेट्रोलमध्ये तर बेंझीनचं प्रमाण याहून जास्त असे.

जमिनीत शिरल्यावर पेट्रोल चार रूपं घेतं

टाकीतून निघालेलं पेट्रोल आधी गुरुत्वाकर्षणानं खाली झिरपतं. वाटेत मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत त्याचा काही भाग अडकून राहतो. हे पहिलं रूप. उरलेलं भूजल पातळीपर्यंत पोचतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे तिथे ते तवंगासारखं पसरतं. हे दुसरं रूप. पावसाळ्यात किंवा बर्फ वितळल्यावर पाण्याची पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते आणि तिच्याबरोबर तवंगही वरखाली होतो. त्यामुळे फूटदोन फुटांचा, कधी त्याहून जाड, मातीचा थर पेट्रोलनं माखून निघतो. टाकी काढून टाकली तरी हा माखलेला थर वर्षानुवर्षं पाण्यात रसायनं सोडत राहतो.

तिसरं रूप म्हणजे पाण्यात विरघळलेली रसायनं. भूजल वाहतं त्या दिशेनं ती लांबट पट्ट्यात पसरत जातात. चुलीच्या धुराचा लोट वाऱ्याबरोबर जावा, तसं. इंग्रजीत याला प्लूम म्हणतात, आपण लोटच म्हणू. चौथं रूप बाष्पाचं. मातीतल्या हवेतून बाष्प वर चढतं आणि तळघराच्या भेगांतून घरात शिरू शकतं. मात्र वाटेत ऑक्सिजन असलेली स्वच्छ माती पुरेशी जाड असेल, तर तिथले जीवाणू पेट्रोलचं बाष्प खाऊन टाकतात. म्हणून ईपीएच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत इमारतीचा तळ आणि विरघळलेलं प्रदूषण यांत किमान ६ फूट, आणि तवंग असेल तर १५ फूट स्वच्छ माती असावी, असा ढोबळ निकष आहे.

पहिली पायरी: कागदपत्रं

तपास सुरू होतो तो दफ्तरात. अमेरिकेत १८६७ पासून सॅनबॉर्न नावाच्या कंपनीनं आगीच्या विम्यासाठी हजारो गावाशहरांचे बारकाईनं नकाशे काढले. कोणती इमारत विटांची, कोणती लाकडाची, कुठे काय साठवलंय, हे त्यांत आहे. पेट्रोलच्या टाक्याही अनेकदा दाखवलेल्या असतात. या नकाशांचा मोठा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. त्याच्या जोडीला शहराच्या जुन्या निर्देशिका, वेगवेगळ्या दशकांतली हवाई छायाचित्रं आणि अग्निशमन दलाचे परवाने पाहतात. आज जिथे कॉफीचं दुकान आहे तिथे १९५५ साली गॅस स्टेशन होतं, हे असं कळतं.

मग जागेवर फेरी. भिंतीलगत वर गेलेला, कशालाच जोडलेला न दिसणारा नळ, डांबरात दडलेलं टाकी भरायचं झाकण, एका आयताकृती भागात खचलेली किंवा नंतर ठिगळ लावलेली फरशी, या खुणा बोलक्या असतात.

दुसरी पायरी: न खणता पाहणं

पोलादाची टाकी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विस्कळीतपणा आणते. मॅग्नेटोमीटर घेऊन जागेवर एकेक मीटरच्या ओळींत चाललं, की तो विस्कळीतपणा नकाशावर ठिपक्यासारखा उमटतो. फायबरग्लासची टाकी असेल तर मात्र हे यंत्र उपयोगाचं नाही. तिथे भूवेधी रडार वापरतात. ते जमिनीत रेडिओलहरी सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी नोंदवतं. कोरड्या वाळूत ते छान चालतं. ओल्या चिकणमातीत लहरी शोषल्या जातात आणि चित्र धूसर होतं. म्हणून "रडारला काही सापडलं नाही" हे वाक्य वाचल्यावर पुढचा प्रश्न हाच: माती कोणती होती?

तिसरी पायरी: मातीचे नमुने

आता जमिनीला हात लावायचा. अमेरिकेत त्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करून गॅसच्या नळांच्या आणि विजेच्या तारांच्या जागा आखून घ्याव्या लागतात. मग एक छोटं यंत्र पोकळ पोलादी नळी जमिनीत दाबत नेतं आणि मातीचा अखंड दंडगोल वर काढतं. तो उभा चिरला की जमिनीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे वाचता येतात: वर भराव, खाली चिकणमाती, त्याखाली वाळू.

थरांची ही नोंद रसायनांच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे. पाणी आणि प्रदूषण दोन्ही वाळूच्या थरातून धावतात आणि चिकणमातीत रेंगाळतात. दंडगोलाच्या दर थोड्या अंतरावर पीआयडी नावाचं हातात मावणारं उपकरण धरतात. त्यातला अतिनील दिवा बाष्पाच्या रेणूंना विद्युतभारित करतो आणि उपकरण एकूण बाष्पाचा आकडा दाखवतं. ते बाष्प कोणत्या रसायनाचं, हे पीआयडी सांगत नाही. प्रयोगशाळेत कोणती माती पाठवायची हे ठरवायला मात्र त्याचा फार उपयोग होतो.

बेंझीन हवेत चटकन उडून जातं, त्यामुळे नमुना घेण्यातली हयगय थेट निकालात उतरते. माती पिशवीत भरून गाडीत दुपारभर ठेवली, तर अहवालात ती खोटीच स्वच्छ दिसेल. म्हणून मातीचा छोटा नमुना काढल्याक्षणी मिथेनॉलमध्ये बुडवतात. पाण्याचा नमुना ४० मिलिलिटरच्या कुपीत एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरतात. जीवाणूंनी वाटेत बेंझीन खाऊ नये म्हणून कुपीत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. मग बर्फात ठेवून १४ दिवसांच्या आत तपासणी करतात.

चौथी पायरी: तीन विहिरी आणि एक हिशेब

भूजल कोणत्या दिशेनं वाहतं हे डोळ्यांना दिसत नाही. ते काढायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. या विहिरी म्हणजे साधारण दोन इंच व्यासाच्या प्लास्टिकच्या नळ्या. पाण्याच्या पातळीला त्यांना बारीक चिरा असतात. तीनच का? दोन बिंदूंतून रेषा ठरते, उतरत्या पृष्ठभागासाठी तिसरा बिंदू लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विहीर क, तिच्या पूर्वेला ४० मीटरवर ख, आणि उत्तरेला ४० मीटरवर ग. पाण्याच्या पातळीची उंची अशी भरली:

- क: ३०.०० मीटर
- ख: २९.८४ मीटर
- ग: २९.८८ मीटर

पूर्वेकडे ४० मीटरमागे १६ सेंटीमीटर उतार, म्हणजे ०.००४. उत्तरेकडे ४० मीटरमागे १२ सेंटीमीटर, म्हणजे ०.००३. काटकोन त्रिकोणाचं ३-४-५ हे नातं आठवा: एकूण उतार ०.००५. दिशा पूर्वेकडून उत्तरेला सुमारे ३७ अंश झुकलेली. सगळा निष्कर्ष १२ आणि १६ सेंटीमीटरच्या फरकावर उभा आहे हे लक्षात घ्या. नळीच्या तोंडाची उंची मोजताना काही सेंटीमीटरची चूक झाली, तर लोट भलत्याच शेजाऱ्याच्या अंगणात दाखवला जाईल.

आता वेग. तो मिळतो डार्सीच्या नियमातून. ऑंरी डार्सी या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ साली तो मांडला. जमिनीची वहनक्षमता गुणिले उतार, भागिले सच्छिद्रता. स्वच्छ वाळूची वहनक्षमता दिवसाला १० मीटर धरा, सच्छिद्रता ०.२५. तर १० × ०.००५ ÷ ०.२५ = दिवसाला ०.२ मीटर, वर्षाला ७३ मीटर. त्या दिशेला १५० मीटरवर कोणाची विहीर असेल, तर पाणी दोन वर्षांत तिथे पोचेल. वाळूऐवजी हजारपट कमी वहनक्षमतेची चिकणमाती असेल, तर तेच पाणी वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर सरकेल. उतार तोच, टाकी तीच, फक्त माती वेगळी.

ही दिशा कायमचीही नसते. जवळ मोठा पंप सुरू झाला किंवा ऋतू बदलला, तर ती फिरू शकते. म्हणून विहिरींचं मोजमाप एकदाच करून भागत नाही, निदान वर्षभर, ऋतूगणिक करावं लागतं.

एकाच टाकीतली दोन रसायनं

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. १९९५ साली लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेनं कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या शेकडो प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष दिलासा देणारा होता. बेंझीनचे बहुतेक लोट टाकीपासून सुमारे २५० फुटांच्या आतच थांबत होते.

ते थांबतात कारण मातीतले जीवाणू बेंझीन खातात. एक मिलिग्रॅम बेंझीन पूर्ण जाळायला सुमारे तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेशी संपर्कात असलेल्या एक लिटर पाण्यात २० अंशांना जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तेवढ्यात तीन मिलिग्रॅम बेंझीनच संपतं. टाकीजवळ तो लगेच खलास होतो. मग जीवाणू नायट्रेट वापरतात, मग लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन बनवत काम चालू ठेवतात. हे सगळं मोजता येतं. लोटाच्या आत ऑक्सिजन आणि नायट्रेट गायब, विरघळलेलं लोह वाढलेलं, सल्फेट घटलेलं, मिथेन हजर, असं दिसलं तर बेंझीन नुसतं पातळ होत नाहीये, खरोखर नष्ट होत आहे, याचा तो पुरावा.

आणि मग १९९६ साली कॅलिफोर्नियाच्याच सँटा मोनिका शहरानं आपल्या विहिरी बंद केल्या. पाण्यात एमटीबीई सापडलं होतं. शार्नॉक भागातल्या विहिरींत ते लिटरमागे ६१० मायक्रोग्रॅमपर्यंत होतं. शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. पाणी विकत घ्यावं लागलं. नवं शुद्धीकरण केंद्र उभारून या विहिरींचं पाणी पुन्हा घरोघरी यायला २०१० नंतरचा काळ उजाडला.

एमटीबीई हे पेट्रोल नीट जळावं म्हणून त्यात घालत. १९७९ पासून शिशाऐवजी ते वापरात आलं आणि हवा स्वच्छ ठेवण्याच्या १९९० च्या कायद्यानंतर त्याचा वापर फार वाढला. काही पेट्रोलमध्ये ते ११ टक्क्यांपर्यंत असे. बेंझीन एका लिटर पाण्यात सुमारे १.८ ग्रॅम विरघळतं, एमटीबीई जवळजवळ ५० ग्रॅम. त्यात पेट्रोलमधला वाटा मोजला, तर पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात बेंझीन लिटरमागे वीसेक मिलिग्रॅम उतरतं, एमटीबीई हजारो मिलिग्रॅम. बेंझीन मातीतल्या सेंद्रिय कणांना चिकटत, रेंगाळत जातं. एमटीबीई पाण्याच्याच वेगानं धावतं. आणि त्याच्या रेणूची रचना अशी आहे की जीवाणू त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

लिव्हरमोरचा अभ्यास चुकीचा नव्हता. तो बेंझीनबद्दल होता. पण केवळ बेंझीन मोजून जागा निर्धोक ठरवली, तर पुढे धावलेलं एमटीबीई नजरेतून सुटतं. कॅलिफोर्नियानं २००४ च्या आरंभापासून पेट्रोलमध्ये एमटीबीईवर बंदी आणली. त्याची जागा इथेनॉलनं घेतली. इथेनॉल जीवाणूंना इतकं आवडतं की ते आधी त्याच्यावरच ताव मारतात, ऑक्सिजन संपवतात आणि बेंझीनचा लोट त्यामुळे लांबू शकतो. म्हणून "काय सांडलं" हा पहिला प्रश्न.

रसायनांवरून गळतीचा काळही ताडता येतो. एमटीबीई सापडलं तर ते पेट्रोल १९७९ नंतरचं. शिसं किंवा त्याच्या जोडीनं घातलं जाणारं इथिलीन डायब्रोमाइड सापडलं तर शिसेयुक्त पेट्रोलच्या जमान्यातलं. जुना मालक आणि नवा मालक यांच्या वादात हा पुरावा फार उपयोगी पडतो.

तुमच्यासमोर अहवाल आला तर

घराजवळ जुनं गॅस स्टेशन असेल, तर आधी सरकारी नोंदी पाहा. कॅलिफोर्नियात जिओट्रॅकर, देशभरासाठी ईपीएचं यूएसटी फाइंडर, दोन्ही सर्वांना खुली आहेत. प्रकरण "बंद" असं लिहिलेलं असेल, तरी ते कोणत्या साली आणि कोणती रसायनं मोजून बंद झालं ते वाचा. भूजलाची दिशा तुमच्या घराकडे आहे की उलट, ते पाहा. उतारावरचं २०० मीटरवरचं घर चढावरच्या ५० मीटरवरच्या घरापेक्षा जास्त अडचणीत असू शकतं.

पाणी नगरपालिकेचं असेल तर ते नियमितपणे तपासलं जातं. खासगी विहीर असेल तर पिण्याच्या पाण्याचे संघराज्याचे नियम तिला लागू नाहीत, तपासणी तुम्हालाच करावी लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बेंझीन, टोल्यूइन, इथिलबेंझीन, झायलीन आणि एमटीबीई ही सगळी नावं सांगून पाणी द्या.

घराच्या हीटिंग ऑइलच्या टाकीवर संघराज्याचे टाक्यांचे नियम लागू होत नाहीत, राज्याचे असतात. हे तेल पेट्रोलपेक्षा जड असतं, पाण्यात कमी विरघळतं, लांब जात नाही. पण माती खणून नेण्याचा खर्च मालकाच्या गळ्यात पडू शकतो आणि घराचा विमा अनेकदा तो भरत नाही. त्यामुळे खरेदीआधी मॅग्नेटोमीटरनं अंगण तपासून घ्या. "वाळू भरली" हे टाकीबद्दलचं विधान आहे, टाकीखालच्या मातीबद्दलचं नाही. टाकी बंद करताना मातीचे नमुने घेतले होते का, त्यांचे निकाल कुठे आहेत आणि राज्याचं पत्र आहे का, हे मागा. टाकी आज दाबाच्या चाचणीत उत्तीर्ण झाली, तरी पूर्वी भरताना सांडलेलं किंवा नळातून गळलेलं तेल त्यातून कळत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. आडातलं सगळंच पोहऱ्यात येतं असं नाही. एका भोकातली माती त्या भोकाबद्दलच सांगते. पाच मीटर पलीकडे वाळूची एखादी चिंचोळी पट्टी असेल आणि लोट तिच्यातून निघून गेला असेल, तर "काही आढळलं नाही" हे खरं असूनही अपुरं ठरतं. म्हणून अहवालातल्या आकड्यांच्या तक्त्याआधी नकाशा उघडा. टाकी कुठे होती, भोकं कुठे घेतली, बाण कोणत्या दिशेला आहे आणि त्या बाणाच्या वाटेवर एक तरी विहीर खोदली आहे का, ते बघा. खोदलेली नसेल, तर सल्लागाराला विचारायचा पहिला प्रश्न तोच.